चार-चार अंकांनी: जपानी मोठ्या संख्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जपानी संख्या सोप्या आहेत, असे शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात वाटते, आणि ९,९९९ पर्यंत ते खरेही आहे. एक ते दहा, शंभरासाठी ‘ह्याकु’ आणि हजारासाठी ‘सेन’ एवढे बारा शब्द तोंडात बसले की पुढचे सगळे जुळवून बोलता येते. एकवीस म्हणजे ‘दोन-दहा-एक’, नव्व्याण्णव म्हणजे ‘नऊ-दहा-नऊ’. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ छापून आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद पेटला होता! जपानी मुलाला ही अडचण मुळात येतच नाही.

गाडी अडते ती दहा हजारांपाशी. मराठीत हजारांची मोजणी नव्व्याण्णव हजारांपर्यंत चालते आणि मग लाख लागतो. जपानीत ती नऊ हजारांनंतरच थांबते. दहा हजारांना ‘दहा सेन’ म्हणत नाहीत, त्यासाठी ‘मान’ हा स्वतंत्र शब्द आहे. पुढे दहा मान, शंभर मान, हजार मान असे मोजत जायचे आणि दहा हजार मान झाले की ‘ओकु’ म्हणायचे. दहा हजार ओकुंचा एक ‘च्यो’ आणि दहा हजार च्योंचा एक ‘केई’. दर चार शून्यांनंतर नवे नाव आणि मधल्या जागा दहा-शंभर-हजारांनी भरलेल्या, एवढाच काय तो नियम. चीन आणि कोरियातही मोजणीचा सांगाडा हाच आहे.

नियम इतका साधा असताना वर्षानुवर्षे जपानी बोलणारी माणसेही मोठा आकडा आला की चाचपडतात, याचे कारण स्वल्पविरामात आहे. जपान मोजतो चार-चार अंकांनी, पण छापतो तीन-तीन अंकांनी. आधुनिक हिशेबठेवणीबरोबर ही पाश्चात्त्य सवय आली आणि १९५२ साली सरकारी लिखाणासाठी निघालेल्या सूचनांनी ती पक्की केली. डोळ्यांना तिनांचे गट दिसतात आणि जिभेला चारांचे हवे असतात. ही ओढाताण जपानी माणसालाही चुकलेली नाही. लांबलचक आकडा समोर आला की तोही उजवीकडून ‘इची, ज्यू, ह्याकु, सेन, मान...’ असे पुटपुटत शून्यांवर बोट ठेवत जाताना दिसतो. आपण शाळेत ‘एकं, दहं, शतं, सहस्र’ म्हणत करायचो तेच हे.

एक आकडा जवळून पाहू. २०२० च्या जनगणनेत जपानची लोकसंख्या १२६,१४६,०९९ भरली. छापील स्वल्पविराम मनातल्या मनात पुसून टाका आणि उजवीकडून चार-चार अंक तोडा: १ | २६१४ | ६०९९. पहिल्या रेघेपाशी ओकु, दुसऱ्या रेघेपाशी मान. आता प्रत्येक गट चार अंकी संख्येसारखा वाचायचा: ‘इची-ओकु, निसेन-रोप्प्याकु-ज्यूयोन-मान, रोकुसेन-क्यूज्यूक्यू’. शेवटच्या गटात शतकाच्या जागी शून्य आहे, म्हणून तिथे काहीच उच्चारायचे नाही. ‘शून्य शंभर’ म्हणण्याची सोय मराठीतही नाही, पण ऐन वेळी जीभ रिकाम्या जागेवर थबकते ती थबकतेच. वर्तमानपत्रे वाचकाचे हे काम हलके करतात. ती आकडे आणि चिन्हे मिसळून ‘१ ओकु २६१४ मान’ असे छापतात, म्हणजे स्वल्पविरामाची जागा चित्रलिपीतले चिन्ह घेते. माझ्या मते जपानी संख्या लिहिण्याचा हा सर्वांत समंजस प्रकार आहे आणि नवशिक्याने सरावाला सुरुवात यानेच करावी.

हीच लोकसंख्या आपण १२,६१,४६,०९९ अशी लिहू आणि बारा कोटी एकसष्ट लाख शेहेचाळीस हजार नव्व्याण्णव अशी वाचू. स्वल्पविराम कुठे द्यायचा हा केवळ रिवाजाचा प्रश्न आहे, हे मराठी वाचकाला कुणी पटवून द्यावे लागत नाही. बँकेच्या पासबुकात एक आणि परदेशी बातमीत दुसरी अशा दोन पद्धती तो रोज पाहतो. या विषयात शिरताना आपल्या हाती असलेले हे भांडवल मोठे आहे, पण बहुतेक जण ते वापरत नाहीत. पुण्यासारख्या शहरात, जिथे जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, तिथेही विद्यार्थी आकडा ऐकला की आधी त्याचे मिलियन करतो आणि मग मिलियनचे लाख. ही वाट लांबची आणि निसरडी आहे. मान आणि लाख यांच्यात फक्त एका शून्याचे अंतर आहे, मान आणि मिलियन यांच्यात दोन शून्यांचे. मग मध्ये तिसऱ्याला कशाला आणायचे?

सरळ वाट अशी: दहा मान म्हणजे लाख. हजार मान म्हणजे कोटी. एक ओकु म्हणजे दहा कोटी. आणि एक च्यो म्हणजे बरोबर एक लाख कोटी. हे शेवटचे समीकरण मला सगळ्यांत लाडके आहे. केंद्रीय अर्थसंकल्पाच्या बातम्यांमुळे ‘लाख कोटी’ हा जोडशब्द आपल्या कानांवरून रोज जातो. जपानच्या सरकारचा मूळ अर्थसंकल्प २०१९ च्या आर्थिक वर्षात पहिल्यांदा शंभर च्यो येनच्या पुढे गेला, म्हणजे शंभर लाख कोटी येनच्या पुढे. अंक तोच राहतो, बदलतो फक्त शब्द. इंग्रजी बातमीतून हाच मजकूर घेणाऱ्याला ट्रिलियनशी झटापट करावी लागते. सावध राहायचे ते खालच्या पायरीवर. नोकरीच्या जाहिरातीत वर्षाला चारशे मान येन पगार दिसला की चाळीस लाख येन समजायचे. घरांच्या दलालाच्या काचेवर ३९८० मानची सदनिका दिसली की तीन कोटी अठ्ठ्याण्णव लाख. एक ओकुच्या वरच्या सदनिकांना तिथे गमतीने ‘ओकुशोन’ म्हणतात, कारण अशा इमारतीसाठीचा शब्द आहे ‘मानशोन’, आणि तेवढ्या किमतीला नुसता ‘मान’ कसा पुरणार!

आता थोडे इतिहासाकडे. दर चार शून्यांनी नाव बदलायचे हे फार जुने ठरलेले असेल असे वाटते, पण तसे नाही. प्राचीन चीनमध्ये याच चिन्हांचे अर्थ लावण्याच्या निरनिराळ्या पद्धती होत्या. त्यांतल्या सर्वांत साध्या पद्धतीत मानपुढचे प्रत्येक नाव दसपटीने वाढे. तिच्यानुसार ओकु म्हणजे चक्क आपला लाख आणि च्यो म्हणजे दहा लाख. याचा एक अवशेष अजून टिकून आहे. चीनच्या मुख्य भूमीवर संगणकाच्या संदर्भात च्योचेच चिन्ह ‘मेगा’साठी, म्हणजे दहा लाखांसाठी वापरतात. जपानी आणि चिनी कागदपत्रे शेजारी ठेवून काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

जपानमध्ये शिस्त लागली ती सतराव्या शतकात. क्योटोच्या योशिदा मित्सुयोशी याने १६२७ साली ‘जिन्कोकी’ हे अंकगणिताचे पुस्तक काढले. सोरोबान, म्हणजे जपानी मणिपाटी, कशी चालवायची, व्याज कसे काढायचे, तांदूळ आणि कापडाचे हिशेब कसे करायचे, असा त्याचा रोखठोक व्यवहारी मजकूर. पुस्तक अफाट खपले, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि १६३४ च्या आवृत्तीत सगळ्या मोठ्या संख्या दहा-दहा हजारांच्या टप्प्यांनी बसवल्या गेल्या. आजची जपानी पद्धत तीच.

त्या यादीचे वरचे टोक आपल्या ओळखीचे आहे. केईच्या पुढे बऱ्याच पायऱ्या चढल्यावर ‘गोगाशा’ येते, म्हणजे गंगेची वाळू: एकावर बावन्न शून्ये. मग ‘असोगी’, म्हणजे असंख्येय. मग ‘नायुता’, आपले नयुत. मग ‘फुकाशिगी’, ज्याचा विचारही करता येत नाही ते. शेवटी एकावर अडुसष्ट शून्यांचे ‘मुर्योताइसू’. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांतून ही नावे पूर्वेकडे गेली. १२९९ साली चिनी गणिती झू शिज्ये याच्या पुस्तकात ती संख्यांच्या यादीत बसलेली दिसतात, आणि तिथून पुढे जपानी मणिपाटीच्या पुस्तकात. तांदळाच्या हिशेबात गंगेच्या वाळूची गरज कुणाला पडली असेल, हा प्रश्न रास्त आहे. पण यादी पुरी करण्याचा मोह गणितींना सर्वत्रच असतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली यादीही परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत जाते. फरक असा की तिथे दर शून्याला नवे नाव आहे. त्यातले अयुत म्हणजे नेमका जपानी मान. तो शब्द आपल्या बोलण्यातून गेला; राहिला असता तर हे पुस्तक बरेच पातळ झाले असते.

लिहिण्याची बाजूही पाहायला हवी. चिन्हांनी लिहिताना एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. दहा म्हणजे आडव्या रेघेला छेदणारी उभी रेघ. वाचायला फार सुटसुटीत, आणि लबाडीलाही तेवढेच सोयीचे: एकावर एक उभा फटकारा मारला की दहा. म्हणून पैशाच्या कागदांवर एक, दोन, तीन, दहा यांसाठी मुद्दाम गुंतागुंतीची वेगळी चिन्हे वापरतात. त्यांना ‘दाइजी’ म्हणतात. दहा हजार येनच्या नोटेवरचा ‘एक’ असाच भरगच्च आहे. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर तीस हजार येन, म्हणजे तीन मान, लिहितानाही हीच चिन्हे काढायची रीत आहे. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहून पुढे ‘फक्त’ जोडणाऱ्या आपल्यासारख्यांना यामागची काळजी वेगळी समजावून सांगायला नको.

उच्चाराचे म्हणाल तर त्याला खुबी अशी काही नाही, घोटणेच आहे. शेजारच्या ध्वनींमुळे काही जोड्या बदलतात: तीनशे ‘साम्ब्याकु’, सहाशे ‘रोप्प्याकु’, आठशे ‘हाप्प्याकु’, तीन हजार ‘सान्झेन’, आठ हजार ‘हास्सेन’, एक च्यो ‘इच्च्यो’. संधीची सवय असलेल्या कानाला हे परके वाटत नाही. ‘एक’ कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे मात्र लक्ष देऊन शिकावे. शंभर नुसता ‘ह्याकु’, हजार नुसता ‘सेन’, पण दहा हजार नेहमी ‘इची-मान’. नुसता ‘मान’ म्हटला तर ऐकणारा आधीचा आकडा कुठे गेला म्हणून पाहत राहतो. आणि एक कोटीच्या जागी तोच ‘सेन’ पुन्हा एक लावून ‘इस्सेन-मान’ होतो. जुन्या देशी शब्दांतला ‘योरोझु’ हाही दहा हजारच. जपानी लोक देवांची संख्या ‘याओयोरोझु’ सांगतात, म्हणजे आठशे मान, ऐंशी लाख. आपल्या तेहतीस कोटींपुढे हा आकडा नम्रच म्हणायचा; दोन्हीकडे मोजणी कुणी केली नव्हती हे उघड आहे.

भाषांतराचे काम करणाऱ्यांची खरी कसोटी कंपन्यांच्या ताळेबंदात लागते. तिथे तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘एकक: ह्याकुमान येन’, म्हणजे दहा लाख येन, असे लिहिलेले असते आणि खाली तिनांनी तोडलेले आकडे असतात. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षाची टोयोटाची विक्री ४५,०९५,३२५ अशी छापली आहे. आधी सहा शून्ये मनाने जोडायची, मग चारांनी तोडायचे: ४५ | ०९५३ | २५०० | ००००. पंचेचाळीस च्यो, नऊशे त्रेपन्न ओकु, पंचवीसशे मान. सरावलेला हिशेबनीस मात्र काही जोडत-तोडत बसत नाही. त्याला ठाऊक असते की दहा लाखांच्या एककात पहिला स्वल्पविराम दहा ओकुपाशी पडतो आणि दुसरा च्योपाशी. म्हणून डावीकडचे पंचेचाळीस पाहताच तो ‘पंचेचाळीस च्यो’ म्हणून मोकळा होतो. आपल्या हिशेबात पंचेचाळीस लाख कोटी. तीन आणि चार यांचा लसावि बारा असल्याने च्योच्या जागी दोन्ही पद्धतींची रेघ एकत्र येते, आणि सगळ्या मोठ्या रकमा वाचताना आधार धरायचा तो इथेच.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी तोडणे, मग वाचणे, मग ऐकून उतरवणे. ऐकून उतरवणे सर्वांत अवघड, त्यामुळे त्याला जागाही सर्वांत जास्त दिली आहे. तिथे एकच आग्रह आहे. कानावर ‘मान’ पडला की कागदावर उभी रेघ ओढा, ‘ओकु’ पडला की दुहेरी, आणि रेघेनंतर चार अंकांची जागा आधीच राखून ठेवा. मधली शून्ये बोलणारा सांगत नाही, ती आपण भरायची असतात.

सुरुवातीला घरचाच एक आकडा घेऊ. जपानच्या साहाय्याने उभ्या राहणाऱ्या मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मूळ अंदाजित खर्च १,०८,००० कोटी रुपये होता. लाख कोटीचा च्यो झाला, उरलेल्या आठ हजार कोटींचे आठशे ओकु: ‘इच्च्यो हाप्प्याकु-ओकु’ रुपये. त्यासाठी जपानकडून मिळणारे कर्ज २०१७ साली ८८,००० कोटी रुपयांचे म्हणून जाहीर झाले. ते वाचकाने स्वतः वाचावे. च्यो लागणार नाही, आणि आठाचा उच्चार दोन्ही ठिकाणी बदलेल.