वारांच्या नावांची सोयरीक

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत. तिथल्या गर्दीत कान दिला तर एकाच दिवसाची दोन नावे ऐकू येतात. कुणी 'गुरुवारी येऊ' म्हणतो, कुणी 'जुमेरातला'. आम्हीही घरात जुमेरात म्हणतो आणि शाळेच्या वहीत गुरुवार लिहितो. मग कधीतरी प्रश्न येतोच : ग्रहदेवतांची ही नावे आपण घ्यावीत का? यांतली आपली कुठली?

इतिहासाकडे पाहिले तर हा वाद फार टिकत नाही. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये मंगळवार म्हणजे 'दिएस मार्तिस', मंगळाचा दिवस. तिथेही बुध, गुरू, शुक्र, शनी याच क्रमाने येतात. हा योगायोग नव्हे. जुने ज्योतिषी दिवसाचे 24 तास शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र असे ओळीने वाटून देत. पहिला तास ज्याचा, दिवस त्याचा. शनीपासून मोजले की पंचविसावा तास, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, सूर्याचा येतो. म्हणून शनिवारनंतर रविवार. ही विद्या ग्रीकांकडून भारतात आली. 'होरा' हा शब्दही मूळ ग्रीकच. वाराचा उल्लेख असलेल्या अगदी जुन्या भारतीय शिलालेखांपैकी एक मध्य प्रदेशात एरण येथे आहे, इ.स. 484चा. त्यातला वार गुरुवार!

अरबीत मात्र मोजणी आहे. अहद पहिला, इसनैन दुसरा, खमीस पाचवा. जुमा म्हणजे एकत्र जमण्याचा दिवस. 'सब्त' हिब्रू शब्बाथच्या नात्यातला, फारसी 'शंबा'ही त्याच कुळातला. 1739 पर्यंत वसईवर राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांच्या भाषेतही सोमवार 'दुसरा'च आणि शनिवार 'साबादो', म्हणजे पुन्हा शब्बाथच.

आणि आपला उर्दू 'इतवार'? तो संस्कृत 'आदित्यवार'चाच वंशज. 'जुमेरात' म्हणजे जुम्याची रात. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून ते नाव आदल्या दिवसाला मिळाले.

अल्-बेरुनीने 1030च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यात इथल्या वारांची नावे त्याने निःसंकोच नोंदवली. त्याने त्याचे इमान ढळले नाही. गुरुवार म्हटल्याने आमचेही ढळत नाही. उलट काळजी दुसरीच आहे. जुमेरात, इतवार, पीर ही नावे मुलांच्या तोंडून कमी होत चालली आहेत. घरातल्या बुजुर्गांकडून ती ऐकून घ्यावीत, लिहून ठेवावीत.