जुन्या वाड्यांचें लाकूड : एक दुर्लक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे कागदपत्रें, नाणीं, ताम्रपट व शिलालेख हीं अभ्यासकांच्या डोळ्यांपुढें येतात. ज्या घरांच्या माळ्यांवर हीं कागदपत्रें सांपडतात, त्या घरांचें लाकूड मात्र कोणी साधनांत गणीत नाहीं. अकोलें व प्रवराकांठचीं इतर गांवें येथें जुने वाडे उतरविले जात आहेत, आणि त्यांच्या तुळया, खांब व चौकटी यांपासून पलंग, झोपाळे, मेजें, देव्हारे करवून घेण्याची चाल पडत चालली आहे. आजोबांच्या ओटीवरचा खांब नातवाच्या घरीं झोपाळ्याच्या रूपानें नांदावा, ही इच्छा स्तुत्यच होय. तथापि या व्यवहारांत कांहीं राखलें जातें व कांहीं कायमचें नाहींसें होतें. त्या दोहोंचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

प्रथम शास्त्राचा प्रश्न. एका घराचें लाकूड दुसऱ्या घरास लावूं नये असा निषेध वास्तुग्रंथांत आहे, व वृद्ध मंडळी तो पुढें करितात. परंतु तो निषेध घराच्या बांधणीपुरता आहे. शय्या व आसनें यांचा विचार वराहमिहिरानें इ. स. च्या ६ व्या शतकांत बृहत्संहितेच्या एका स्वतंत्र अध्यायांत केला आहे. तेथें असन, चंदन, देवदार, शिंशपा यांच्या जोडीस शाक, म्हणजे आपला साग, प्रशस्त मानिला असून, वीज, पाणी, वारा किंवा हत्ती यांनीं पाडलेला, स्मशानांत अथवा देवालयाच्या आवारांत वाढलेला वृक्ष वर्ज्य सांगितला आहे. ही वर्ज्यांची यादी झाड कोठें वाढलें व कसें पडलें यासंबंधींच आहे. निजणाऱ्यानें आपल्या पलंगाच्या लाकडाचा पूर्ववृत्तांत जाणला पाहिजे, हेंच त्या अध्यायाचें तात्पर्य आम्हांस दिसतें.

इतिहासाचा दाखलाही हेंच सांगतो. शनिवारवाड्याचा पाया ता. १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला. त्याचा साग जुन्नरच्या रानांतून आणिला, असें सांगतात. आणि जुन्नर तालुका तर अकोल्यास दक्षिणेस लागूनच आहे. इ. स. १८२८ च्या आगींत वाड्याचें लाकूडकाम जळालें. दगडी तट व जोतीं राहिलीं, परंतु वरचे मजले कसे होते हें आज कागदांवरूनच जुळवावें लागतें.

लाकूड उरलें, पण त्याची हकीकत खोटी निघाली, तर काय होतें हें इ. स. १८४२ च्या प्रकरणावरून कळतें. लॉर्ड एलेनबरो यानें गझनीहून महमुदाच्या कबरीचीं दारें सोमनाथचीं म्हणून मोठ्या गाजावाजानें आणविलीं. तपासाअंतीं तीं चंदनाचीं नसून देवदाराचीं व गझनीकडील घडणीचीं ठरलीं, आणि आग्र्याच्या किल्ल्यांत पडून राहिलीं. याउलट रेझोल्यूट नांवाचें इंग्रजी जहाज पाहा. इ. स. १८५४ त तें उत्तरेच्या बर्फांत सोडून द्यावें लागलें, दुसऱ्या वर्षीं अमेरिकन देवमाशांच्या शिकाऱ्यांना तें सांपडलें, व अमेरिकेनें तें दुरुस्त करून राणी व्हिक्टोरियास परत केलें. पुढें तें मोडल्यावर त्याच्या लाकडाचें लिहिण्याचें मेज करवून राणीनें इ. स. १८८० त अध्यक्ष हेज यांस पाठविलें. त्यावरील धातूच्या पट्टीवर ही हकीकत कोरलेली आहे, म्हणून कोणास शंका घेण्यास जागा नाहीं. भावना दोन्हींकडे होती. लेख मात्र एकीकडेच होता.

आतां लाकडांतच काय लिहिलेलें असतें तें पाहूं. सागांत वार्षिक वलयें स्पष्ट उमटतात. पाऊस चांगला झाला तर वलय सामान्यतः रुंद, अवर्षणांत अरुंद. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं सागाच्या वलयांवरून गतकाळच्या पावसाचा शोध घेतला आहे. सालीलगतचें शेवटचें वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षीं तोडलें हें ठरवितां येतें. इ. स. १८७६ च्या दुष्काळाची खूण त्या वेळीं उभ्या असलेल्या झाडाच्या तुळईंत मिळूं शकेल. शिवाय कुसवांचीं भोकें, वाकसाचे घाव, सुताराच्या खुणा यांवरून खांब कोठें उभा होता व तुळई पूर्वीं दुसरीकडे वापरली होती कीं काय, याचा उलगडा होतो. करवत व रंधा फिरला कीं हें सर्व भुशांत जातें. कागद जळला तर क्वचित् त्याची नक्कल कोठें सांपडते; तुळईची नक्कल नसते.

म्हणून जुन्या लाकडाचें सामान करूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. वाळवीस सहसा दाद न देणारा साग सरपणांत जाण्यापेक्षां घरांत राहिलेला केव्हांही बरा. मात्र वाडा उतरविण्यापूर्वीं त्याचा नकाशा व छायाचित्रें घ्यावींत. प्रत्येक नगावर क्रमांक घालावा. तुळईच्या टोंकाची सालीकडील बाजूसह एक चकती कापून ठेवावी. कोरीव पट्टी वा अक्षरें असलेला भाग रंध्याखालीं घालूं नये. आणि नवें सामान तयार झालें म्हणजे त्याच्या तळाशीं गांव, वाडा, लाकडाची मूळ जागा व उतरविल्याचें वर्ष खोदून ठेवावें. या कामास सुताराचा फार तर एक दिवस अधिक लागेल. तेवढें झालें तर नातवाच्या नातवास झोपाळ्यावर बसून आपल्या वाड्याची हकीकत पुराव्यानिशीं सांगतां येईल.