शेकोटी ते उष्मापंप: उष्णतेचा हिशोब कुठवर मांडायचा?

कार्यक्षमता म्हणजे यंत्रातून मिळालेली उपयुक्त ऊर्जा भागिले यंत्राला दिलेली ऊर्जा, आणि हे गुणोत्तर एकापेक्षा जास्त कधीच असत नाही, असे आपण वर्गात फळ्यावर लिहून देतो. ब्रिटनमध्ये मात्र आज घर गरम ठेवण्यासाठी सरकार अनुदान देऊन जे यंत्र बसवायला सांगत आहे, त्याच्या माहितीत कार्यक्षमता ३०० टक्के असल्याचे सांगितले जाते. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने हे वाचून प्रश्न विचारला, तर उत्तर काय द्यावे? उत्तर अवघड नाही. पण ते नीट समजायचे असेल, तर ब्रिटनमधील घरांच्या शेकोटीचा इतिहास पाहणे उपयोगी पडते. उष्णतेचा हिशोब कुठून सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा, या एकाच प्रश्नाभोवती हा इतिहास फिरतो.

धुराड्याने काय दिले, काय नेले

लंडन विषुववृत्तापासून सुमारे साडेएक्कावन्न अंश उत्तरेला आहे. तेथे हिवाळ्यात घर गरम ठेवणे हा अन्नवस्त्राइतकाच निकडीचा प्रश्न असतो. मध्ययुगात इंग्लंडमधील घरात मोठ्या दालनाच्या मध्यभागी जमिनीवरच जाळ करत, आणि धूर छपरातील फटीतून वाट काढत असे. उष्णता बरीचशी घरात राही, पण धूरही घरातच राही. सोळाव्या शतकात सामान्य घरांतही विटांची धुराडी दिसू लागली. गावात अचानक किती धुराडी उभी राहिली, याचे म्हाताऱ्या माणसांना वाटणारे नवल विल्यम हॅरिसन या लेखकाने १५७७ साली नोंदवून ठेवले आहे. पुढे १६६२ साली तर प्रत्येक शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवण्यात आला. घरात शेकोट्या किती, यावरून घरमालकाची ऐपत मोजली जाऊ लागली. लोकांना अतिशय अप्रिय असलेला हा कर १६८९ साली रद्द झाला.

धुराड्याने धूर बाहेर नेला, पण धुराबरोबर उष्णताही नेली. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि जाताना खोलीतील हवा ओढून घेते. तिची जागा घेण्यासाठी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. त्यामुळे शेकोटीपुढे बसलेल्याचे गुडघे भाजत आणि पाठ गारठत असे. उष्णतेचा फार मोठा भाग आकाशात जाई. अभिसरणाचे इतके ठसठशीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

रम्फर्डचे गवंडीकाम

या शेकोटीकडे भौतिकशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणारा माणूस म्हणजे बेंजामिन थॉम्सन, अर्थात काउंट रम्फर्ड. तोफेची नळी कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील त्याचा १७९८ सालचा निबंध शिक्षकांना परिचित असतो. त्याच्या दोनच वर्षे आधी, १७९६ साली, त्याने शेकोट्यांवर एक निबंध लिहिला होता. त्याचा मुख्य मुद्दा असा: तापलेली हवा धुराड्यातून निघून जाणार असेल, तर खोलीत येणारी उष्णता ही फक्त प्रारणाची. म्हणून प्रारण जास्तीत जास्त खोलीत यावे आणि हवा कमीत कमी बाहेर जावी, अशी शेकोटीची रचना हवी.

रम्फर्डने शेकोटी उथळ केली, मागची भिंत अरुंद केली आणि बाजूच्या भिंती मागच्या भिंतीशी १३५ अंशांचा कोन करतील अशा तिरप्या बांधल्या. त्यामुळे तापलेल्या विटांचे तोंड खोलीकडे वळले. धुराड्याचा घसा त्याने सुमारे चार इंचांपर्यंत आवळला. यासाठी नवे यंत्र लागत नव्हते. विटा, चुना आणि एक जाणकार गवंडी पुरेसा होता. कोळसा वाचला, खोलीतील धूर कमी झाला आणि श्रीमंतांच्या घरी ‘रम्फर्ड’ बसवण्याची प्रथाच पडली.

रम्फर्डचा हिशोब शास्त्रशुद्ध होता. तो सुरू होत होता जळत्या कोळशापासून आणि संपत होता धुराड्याच्या तोंडापाशी. बाहेर पडलेल्या धुराचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या हिशोबात नव्हता. वास्तविक जॉन एव्हलिनने १६६१ सालीच लंडनच्या कोळशाच्या धुराविरुद्ध पुस्तिका लिहून राजाला सादर केली होती. पण धूर सर्वांचा आणि शेकोटी स्वतःची, असा व्यवहार असल्यामुळे त्या पुस्तिकेचा फारसा परिणाम झाला नाही.

मोट आणि उष्मापंप

१८५२ साली ग्लासगो येथे विल्यम थॉम्सनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, इमारती तापवण्याच्या आणि थंड करण्याच्या काटकसरीवर एक छोटा निबंध वाचला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. खोली वीसएक अंशांपर्यंत तापवायची असताना कोळशाची हजार अंशांच्या आसपासची उष्णता थेट तिच्यात ओतणे ही उधळपट्टी आहे, हे त्याच्या विवेचनाचे सार. कोळशावर इंजिन चालवावे आणि त्या इंजिनाने बाहेरच्या गार हवेतील उष्णता उपसून घरात आणावी, म्हणजे तेवढ्याच कोळशात कितीतरी अधिक उष्णता मिळेल.

गार हवेत उष्णता कुठली, असे विद्यार्थी विचारतील. पाच अंश सेल्सिअसची हवा आपल्याला गार लागते, पण निरपेक्ष मापनात ती २७८ अंशांवर आहे. तिच्यात उष्णता भरपूर आहे. ती आपणहून तापलेल्या घरात येणार नाही, एवढाच प्रश्न आहे.

येथे विहिरीवरच्या मोटेचे उदाहरण उपयोगी पडते. बैल पाणी निर्माण करत नाहीत, ते फक्त वर ओढतात. विहीर उथळ असेल तर तेवढ्याच कष्टात अधिक पाणी निघते. उष्मापंपाचेही तसेच आहे. वीज ही बैलांची मेहनत, बाहेरच्या हवेतील उष्णता हे पाणी, आणि बाहेरच्या व आतल्या तापमानांतील फरक ही विहिरीची खोली. एक एकक वीज खर्चून तीन एकके उष्णता घरात आली, तर त्यांतील दोन बाहेरच्या हवेतून उचललेली असतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेला कुठेही धक्का लागत नाही. म्हणूनच या गुणोत्तराला कार्यक्षमता न म्हणता कार्यगुणांक म्हणणे बरे.

कार्नोच्या सिद्धांतानुसार या गुणांकाची कमाल मर्यादा म्हणजे वरचे निरपेक्ष तापमान भागिले दोन तापमानांतील फरक. बाहेर ५ अंश आणि घरात फिरणारे पाणी ४५ अंश असेल, तर ३१८ भागिले ४०, म्हणजे जवळजवळ ८. पाणी ६५ अंशांचे हवे असेल, तर ३३८ भागिले ६०, म्हणजे सुमारे साडेपाच. प्रत्यक्ष यंत्रात घर्षण व इतर तुटी असल्याने गुणांक ३ च्या आसपास येतो. आपल्या घरातील फ्रीज हाही उष्मापंपच. त्याच्या मागच्या किंवा बाजूच्या गरम पत्र्याला हात लावला, की आतली उष्णता कुठे गेली ते कळते.

मग केल्विनची ही कल्पना शंभर वर्षे बाजूला का पडली? जॉन समनर या अभियंत्याने १९४५ साली नॉर्विच शहरात नदीच्या पाण्यातील उष्णता उपसून एक इमारत तापवून दाखवली. युद्धाचे दिवस असल्याने मिळतील ते जुने भाग जोडून त्याने यंत्र उभे केले होते, तरी गुणांक ३ च्या वर गेला. पण हिशोबाची सुरुवात वीजकेंद्रातील कोळशापासून केली, तर चित्र बदलते. त्या काळी कोळशातील उष्णतेचा जेमतेम पाव भाग विजेत उतरत असे. म्हणजे १०० एकके कोळशातून २५ एकके वीज आणि तिच्यापासून घरात ७५ एकके उष्णता. तोच कोळसा घरातल्या चांगल्या बंदिस्त बॉयलरमध्ये जाळला तर साठ-सत्तर एकके मिळत. एवढ्याशा फरकासाठी महागडे यंत्र कोण घेणार?

पाच दिवसांचे धुके

उघड्या शेकोटीत उष्णता वाया जाते, हे लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. डिसेंबर १९४५ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने एका सायंदैनिकात तिची बाजू मांडणारा लेख लिहिला. शेकोटी उधळी आहे, तिची राख काढावी लागते, हे सारे त्याने मान्य केले. पण तिच्याभोवती कुटुंब एकत्र बसते, हा त्याचा मुद्दा होता. आम्हाला हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. माणसे घरात फक्त तापमान विकत घेत नाहीत.

त्यानंतर सात वर्षांनी, ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात, लंडनवर थंड हवेचा थर साचून राहिला. त्याच्या वर उबदार हवेचे झाकण बसल्याने धूर वर जाईना. कडाक्याच्या थंडीमुळे घरोघरी शेकोट्या अधिकच पेटत होत्या, आणि त्या धुरात वीजकेंद्रांच्या व कारखान्यांच्या धुराची भर पडत होती. काजळी आणि सल्फर डायऑक्साइड यांनी भरलेल्या त्या धुक्यात रस्त्यावर हातभर अंतरावरचे दिसत नव्हते. त्या काळातील नेहमीच्या मृत्यूंपेक्षा सुमारे ४,००० मृत्यू अधिक झाले, असा अंदाज तेव्हा करण्यात आला. पुढील महिन्यांतील वाढीव मृत्यू धरून हा आकडा १२,००० पर्यंत जातो, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवले. त्यांत वृद्ध माणसे आणि श्वसनाचे रुग्ण मोठ्या संख्येने होते.

त्यांपैकी कोणाचाही मृत्यू एका विशिष्ट शेकोटीमुळे झाला असे म्हणता येत नाही. प्रत्येक घराचा हिशोब धुराड्याच्या तोंडापाशी संपत होता, आणि लाखो धुराडी एकाच आकाशात उघडत होती. १९५६ च्या शुद्ध हवा कायद्याने ही चौकट शहरापर्यंत रुंद केली. नगरपालिकांना धूरनियंत्रित विभाग जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. त्या विभागांत धूर न करणारे इंधन वापरणे बंधनकारक झाले, आणि शेकोटी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक निधीतून देण्यात आला. ही दुसरी बाब आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. बदलाचा लाभ साऱ्या शहराला होणार, तर खर्चही एकट्या घरमालकाने का सोसावा?

गॅस आला

१९६५ साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. तोवर ब्रिटनच्या शहरांत कोळशापासून बनवलेला गॅस नळाने येत असे. नैसर्गिक वायूचे उष्मांक मूल्य त्याच्या जवळजवळ दुप्पट असल्याने जुने बर्नर चालेनात. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांच्या घरी जाऊन गॅसची उपकरणे बदलण्यात आली. सबंध देशाचे इंधन घरोघरी जाऊन बदलता येते, याचे हे मोठे उदाहरण आहे.

गॅसबरोबर बॉयलर आणि रेडिएटर आले. बॉयलरचे तत्त्व आपल्या तांब्याच्या बंबाचेच: जाळ मध्ये आणि पाणी भोवती. फरक इतकाच, की तापलेले पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरून परत येते. १९७० साली ब्रिटनमधील तिनांपैकी सुमारे एका घरात अशी मध्यवर्ती सोय होती. आज ती नव्वद टक्क्यांहून अधिक घरांत आहे. धूर संपला. पण मिथेन जळून होणारा कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. तो शहरावर न साचता साऱ्या वातावरणात मिसळतो, आणि हिशोबाची चौकट आता पृथ्वीएवढी करावी लागते.

आजची निवड

म्हणून उष्मापंपाचा विचार पुन्हा सुरू झाला. वीजकेंद्राचा आक्षेपही आता पूर्वीसारखा उरलेला नाही. ब्रिटनमधील कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले, आणि विजेतील वाऱ्याचा वाटा मोठा झाला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंड व वेल्समध्ये उष्मापंप बसवणाऱ्या घरमालकाला ७,५०० पौंडांचे अनुदान मिळू लागले.

तरीही जुना बॉयलर काढून त्या जागी उष्मापंप ठेवला, असे चालत नाही. आधी प्रत्येक खोलीतून भिंती, खिडक्या आणि छप्पर यांवाटे दर तासाला किती उष्णता निसटते, ते मोजावे लागते. मग छताखाली उष्णतारोधक थर घालणे, फटी बुजवणे ही कामे येतात. नंतर रेडिएटर मोठे करावे लागतात. मोठ्या पृष्ठभागामुळे ४५ अंशांचे पाणीही खोली तापवू शकते, म्हणजे विहीर उथळ होते. गरम पाण्याच्या टाकीसाठी घरात आणि पंख्याच्या खोक्यासाठी घराबाहेर जागा लागते. यांपैकी एखादी पायरी वगळली, की गुणांक घसरतो आणि बिल वाढते.

बिलाचे गणितही पाहण्यासारखे आहे. तेथे विजेचे एकक गॅसच्या एककाच्या चौपट महाग आहे असे धरा. गॅस बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के. मग उष्मापंपाचा गुणांक ३.६ असेल तेव्हाच दोन्हींचा खर्च सारखा येईल. गुणांक ३ असलेला पंप ऊर्जा वाचवतो, पण घरमालकाचे पैसे वाचवत नाही. काय निवडायचे हे भौतिकशास्त्र एकटे ठरवत नाही, ते दरपत्रकही ठरवते. आणि दरपत्रक माणसेच बनवतात.

महाराष्ट्रात खोली तापवण्याची वेळ क्वचितच येते, पण अंघोळीचे पाणी तर रोज तापते. विजेचा हीटर आपली जवळजवळ सगळी वीज पाण्याला देतो. परंतु आपली बरीचशी वीज कोळशापासून येते आणि कोळशातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. विद्यार्थ्यांना घरातील बंब, गॅस गीझर, विजेचा हीटर आणि सौर बंब यांची तुलना करायला सांगावी. मात्र प्रत्येकाने वहीत पहिली ओळ ही लिहावी: माझा हिशोब कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. उत्तरे वेगवेगळी येतील, आणि ती का वेगळी आली याचीच चर्चा वर्गात अधिक रंगेल.