गाडीच्या पोटाखालची ढाल

"मामू, स्टीलची लावू की ॲल्युमिनियमची?" गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. त्याने जुनी फोर बाय फोर गाडी घेतली आहे आणि तिच्या पोटाखाली स्किड प्लेट लावायची आहे. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, गाड्यांचा मिस्त्री नाही. तरी त्याने मला विचारलं, कारण चाचांची जीप आमच्या अंगणात सहा महिने का उभी होती, हा किस्सा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

चाचा कोकणात वडाप चालवायचे. त्यांची जीप सरकारी लिलावातून आलेली, दोन-तीन हात फिरलेली. एकदा गिअरबॉक्सच्या कामासाठी ती गॅरेजला गेली. तिथे मधल्या आडपट्टीखालचा जाड पत्रा काढला गेला आणि परत लावायचा राहिला. बोल्ट गंजले होते, घाई होती, आणि एका पत्र्याने काय बिघडतं असं वाटलं असणार. पावसाळा संपल्यावर एका वाडीच्या रस्त्यावर वाहून आलेला दगड थेट ट्रान्सफर केसवर बसला. इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारी ही पेटी ओतीव लोखंडाची असते. असलं लोखंड वाकत नाही, तडकतं. ऑइल थेंबथेंब गळत राहिलं, सवारी भरलेली होती, चाचांच्या लक्षात आलं नाही. आठ-दहा किलोमीटरवर गिअर जाम झाले. तेव्हा मी सातवीत होतो. पुढचे सहा महिने चाचा दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेले. स्वतःच्या गाडीचा मालक असलेला माणूस. चाची त्याविषयी कधी बोलली नाही, पण अंगणातल्या जीपकडे पाठ करूनच ती भांडी घासायची.

तर भाच्याला उत्तर द्यायचं म्हणून मी तो पत्रा मुळात आला कुठून, ते शोधायला बसलो.

'स्किड' हा शब्द लाकूडतोड्यांच्या आणि गोदामांच्या जगातला. जड वस्तू सरकवण्यासाठी खाली जे ओंडके किंवा फळ्या टाकतात, त्या स्किड. म्हणजे या नावातच पत्र्याचं काम सांगितलं आहे. तो घाव झेलण्यासाठी नाही, घसरण्यासाठी आहे. आपण त्याला ढाल म्हणतो ते अर्धंच खरं. (फारसीत ढालीला 'सिपर' म्हणतात, उर्दूतही तो शब्द आहे. इराणात आज गाडीच्या बंपरला हाच शब्द वापरतात. तो समोरून येणाऱ्या माराला छाती देणारा. पोटाखालच्या पत्र्याचा स्वभाव वेगळा.)

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. बॅन्टम या छोट्या कंपनीने सप्टेंबरात पहिला नमुना हजर केला. पुढे काम मोठं झालं ते विलिस आणि फोर्डकडे, आणि महायुद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर काढल्या. या जीपला इंजिनखाली मोठा पत्रा नव्हता. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जिथे टेकतात, त्या मधल्या आडपट्टीखाली मात्र एक पोलादी प्लेट बोल्टने बसवलेली असे. चाचांच्या जीपची हरवलेली प्लेट हीच, त्याच घराण्यातली.

मला प्रश्न पडला, एवढीच प्लेट कशी पुरली? याचं उत्तर गाडीच्या रचनेत आहे. जुन्या जीपचा पुढचा ॲक्सल अखंड. तो इंजिनच्या चेंबरच्या पुढे आडवा असतो आणि डिफ्रन्शियलचा गोळा चाकांबरोबरच वरखाली होतो. गाडी दबली, आपटली, तरी त्या गोळ्याची जमिनीपासूनची उंची तीच राहते, सुमारे पावणेनऊ इंच. समोरचा दगड आधी त्याला लागायचा आणि ड्रायव्हरला कळायचं. शिवाय तो गोळा मधोमध नव्हता, पुढेही आणि मागेही उजवीकडे सरकवलेला होता. सवयीचा ड्रायव्हर त्या हिशेबाने दगड डावीकडून काढायचा. पेट्रोलची टाकी तर ड्रायव्हरच्या सीटखाली, वर. तळाशी उघडं काय उरलं? दोन चाकांच्या जोड्यांमधलं पोट. गाडी उंचवट्यावर चढून मधोमध टेकली की भार तिथेच पडणार. म्हणून प्लेट तिथे.

आजच्या बहुतेक गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असतं. डिफ्रन्शियल चासीला बांधलेलं, त्यामुळे खड्ड्यात पुढचा भाग दबला की चेंबर, डिफ्रन्शियल, सगळंच जमिनीकडे येतं. टाकी खाली आली, अनेकदा प्लास्टिकची झाली. चेंबरही बदलला. दाबलेल्या पत्र्याचा चेंबर मार खाऊन चेपतो, ओतीव ॲल्युमिनियमचा सरळ फुटतो. नव्या गाडीला जास्त प्लेटा लागतात यात कौतुक काही नाही, तिचं पोटच जास्त नाजूक आहे.

इंजिनखालचा तो लांबरुंद, पुढून वर वळलेला पत्रा, ज्याला आपले मिस्त्री चेंबर गार्ड म्हणतात, तो जीपच्या घराण्यातला नाहीच. तो मोठा झाला रॅलीत. तिथे साध्या बुटक्या मोटारी खराब रस्त्यावर भन्नाट वेगाने पळवायच्या असत. १९५३ साली सुरू झालेली पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली घ्या. १९६५ मध्ये तिथे जोगिंदर सिंग या केनियातल्या शीख मिस्त्री-ड्रायव्हरने एका वापरलेल्या व्होल्वोतून ती जिंकली. १९६८ ची लंडन–सिडनी मॅरेथॉन तर आपल्या मुंबईतून गेली. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत मुंबईला ७२ पोचल्या. तिथून 'चुसान' जहाजाने ऑस्ट्रेलियाला. काबूलच्या पुढे लताबंदचा घाट होता. अशा रस्त्यावर चेंबर फुटला की स्पर्धा संपलीच. या गाड्यांचा पत्रा हलका हवा, कारण वेग हवा. पुढून झाकलेला हवा, कारण दगड समोरून आणि चाकांनी उडून येतो.

म्हणजे घराणी दोन. लष्करी जीपची प्लेट संथ गाडीचा भार पोटावर पेलून घसरते. रॅलीचं गार्ड वेगात बसणारे तडाखे परतवतं. आज दुकानात दोन्ही एकाच नावाने विकतात आणि गिऱ्हाईक विचारतं, स्टील की ॲल्युमिनियम. माझ्या मते हा प्रश्न दुसरा. आधी विचारावं, माझा रस्ता कुठल्या घराण्याचा?

जीप आपल्याकडे आली तीही एका पोलादाच्या व्यापारी पेढीमार्फत. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं आणि त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलिसच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या. १९५२ नंतर गटविकासाची योजना आली आणि बीडीओच्या जीपने गावोगावचे रस्ते पाहिले. त्या थकल्या की लिलावात निघायच्या आणि चाचांसारख्यांच्या हाती यायच्या. पत्र्यासकट किंवा पत्र्याशिवाय.

आता भाच्याच्या गाडीकडे येतो. त्याचं जाणं-येणं गावच्या पाणंदीतून आणि दोन ओढ्यांतून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. म्हणजे त्याचं घराणं जीपचं. त्याच्या गाडीत पुढे कंपनीचं पातळ पत्र्याचं गार्ड आहे, पण मधे ट्रान्सफर केस उघडी. मी म्हटलं, पैसे तिथे घाल.

आणि स्टील घे. साठ बाय ऐंशी सेंटिमीटरची चार मिलिमीटर जाड स्टील प्लेट पंधरा किलोच्या आसपास भरते. सहा मिलिमीटर ॲल्युमिनियमची आठ किलोच्या आत. लांबच्या आणि वेगाच्या प्रवासात हा फरक मोठा आहे. पण ॲल्युमिनियम मऊ, गाडीच्या भाराखाली दगड त्याला कोरतो, चर पाडतो आणि प्लेट सरकायची ती अडकते. स्टील ओरखडा घेऊन पुढे जातं, वाकलं तर घणाने सरळ होतं, कुठल्याही तालुक्याच्या गावी वेल्डिंग होतं. कोकणातला जांभा कडेला झिजतो, चुरतो. घाटावरचा काळा पाषाण कसली दया करत नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत स्टील गंजतं हे खरं, पण ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे बोल्ट घातले तर तिथेही बोल्टभोवती ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

जाडीपेक्षा मला बांधणी महत्त्वाची वाटते. प्लेट चासीला किंवा आडपट्टीला बांधलेली हवी. गिअरबॉक्सच्या किंवा चेंबरच्या बोल्टांवर लटकवलेली प्लेट दगडाचा मार जिथे जाऊ नये तिथेच पोचवते. प्लेट आणि पेटी यांत बोटभर तरी जागा हवी, नाहीतर वाकलेली प्लेटच पेटी फोडेल. पुढची कड वर वळलेली हवी आणि मागचीही, कारण गाडी रिव्हर्सलाही घ्यावी लागते. बोल्टांची डोकी बाहेर आली की तीच दगडात अडकतात. चिखल आणि पाणी निघायला भोकं हवीत. सुकं गवत आत साचून सायलेन्सरजवळ राहिलं तर आग लागू शकते, हे उन्हाळ्यात शेतातून गाडी घालणाऱ्यांनी विशेष पाहावं.

आणि ड्रेन प्लगसमोर भोक. यावर मी भाच्याशी जरा चढ्या आवाजातच बोललो. ऑइल बदलायला दर वेळी आठ बोल्ट काढावे लागले तर कधीतरी कोणीतरी ती प्लेट परत लावणार नाही. आमच्या घरात हे घडलेलं आहे.

त्याने तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून प्लेट करून घेतली. आधी पुठ्ठा कापून माप घेतलं, तरी ड्रेनचं भोक इंचभर चुकलं. परवा दोघं गाडीखाली आडवे होऊन खुणा करत होतो. चाचा बाहेर खुर्चीवर बसले होते. आता त्यांचं वय झालंय, कमी ऐकू येतं. त्यांनी दोनदा विचारलं, बोल्टना ग्रीस लावलं का. लावलं नव्हतं. सगळे काढून पुन्हा लावले.