शेरीफची पोलीससेवा चालते तरी कशी? समजून घेऊया लॉस एंजेलिस काउंटीच्या उदाहरणातून



ताईकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. आर्टेशिया नावाच्या छोट्या शहरात पायोनियर बुलेव्हार्ड म्हणून रस्ता आहे. आजूबाजूची मराठी कुटुंबं कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, पोहे घ्यायला तिथेच येतात. दुकानाबाहेर पोलिसांची काळी-पांढरी गाडी उभी होती, पण दारावर शहराचं नाव मोठं नव्हतं, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं 'शेरीफ'. मी भावोजींना विचारलं, "इथल्या शहराचे पोलीस कुठे असतात?" ते म्हणाले, "अरे, या शहराला स्वतःचे पोलीसच नाहीत. काउंटीकडून सेवा विकत घेतात."

पोलीस विकत घेतात? हे ऐकून मी चक्रावलो आणि मग खोलात शिरलो. आज तेच सगळं सोप्या भाषेत सांगतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना, मुलांकडे जाऊन राहणाऱ्या आईवडिलांना आणि सरकारी यंत्रणेमागची 'सिस्टीम' समजून घ्यायची आवड असलेल्या सगळ्यांनाच हे उपयोगी पडेल.

शेरीफ म्हणजे नेमका कोण?

आपल्याकडे शेरीफ म्हटलं की मुंबईचे नगरपाल आठवतात. सुनील गावसकरही या पदावर होते. पण ते पद मानाचं, त्याला पोलिसी अधिकार नाहीत. अमेरिकेतला शेरीफ वेगळा. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा, आणि शेरीफ हा त्या काउंटीचा पोलीसप्रमुख. मोठा फरक असा, की आपल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांची नेमणूक राज्य सरकार करतं, तर कॅलिफोर्नियातला शेरीफ थेट लोकांच्या मतांनी चार वर्षांसाठी निवडून येतो. शेरीफ निवडणुकीनेच यावा असं तिथल्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे.

लॉस एंजेलिस काउंटीचं शेरीफ खातं १८५० मध्ये सुरू झालं आणि आज ते अमेरिकेतलं सगळ्यात मोठं शेरीफ खातं आहे. काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास आहे आणि खात्याचं वार्षिक बजेट तीन अब्ज डॉलरच्या वर जातं. हे बजेट मंजूर करतं पाच सदस्यांचं काउंटी पर्यवेक्षक मंडळ. म्हणजे पैसा मंडळाच्या हातात आणि खात्याचा कारभार शेरीफच्या हातात. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कुठल्या हद्दीत कोण?

या एका काउंटीत ८८ शहरं आहेत. पोलिसांच्या दृष्टीने काउंटीचे तीन भाग पडतात:

१. स्वतःचे पोलीस असलेली शहरं: लॉस एंजेलिस, लाँग बीच, पासाडेना वगैरे. सिनेमात दिसणारे 'एलएपीडी' म्हणजे फक्त लॉस एंजेलिस शहराचे पोलीस. शेरीफ खातं वेगळं.

२. कोणत्याही शहरात न मोडणारा भाग: इथे सुमारे दहा लाख लोक राहतात. यांना नगरपालिका नाही, महापौर नाही. इथली पोलीससेवा काउंटीच देते.

३. करार केलेली शहरं: अशी ४२ शहरं आहेत. यांना महापौर आहे, नगर परिषद आहे, पण पोलीस खातं नाही. आर्टेशिया याच गटातलं.

करार काय असतो?

याची सुरुवात झाली १९५४ मध्ये. लेकवूड ही दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने उभी राहिलेली वसाहत. शेजारचं लाँग बीच तिला आपल्यात सामील करून घेऊ पाहत होतं. लेकवूडच्या लोकांना स्वतंत्र शहर हवं होतं, पण पोलीस, रस्ते, इमारत परवाने असं सगळं शून्यातून उभं करायला पैसा कुठून आणायचा? मग त्यांनी शहर तर स्थापन केलं, पण बहुतेक सेवा काउंटीकडून कराराने घेतल्या. हीच 'लेकवूड योजना'. नंतर पुष्कळ नव्या शहरांनी हीच वाट धरली. काही जुनी शहरंही आली: कॉम्प्टनने २००० साली स्वतःचं पोलीस खातं बंद करून शेरीफशी करार केला.

आता मुख्य मुद्दा: शहर विकत काय घेतं? 'अमुक इतके पोलीस' असं नाही, तर सेवेचे तास. करारातलं एक नेहमीचं माप आहे ५६ तासांचं युनिट. म्हणजे दिवसाला आठ तास, आठवड्याचे सातही दिवस, गाडीसह एक डेप्युटी. (डेप्युटी म्हणजे शेरीफ खात्यातला शिपाई दर्जाचा पोलीस.) तो रजेवर गेला तर बदली माणूस द्यायची जबाबदारी खात्याची. ४० तासांचं, ७० तासांचं अशीही युनिटं असतात. प्रत्येकाचा वार्षिक दर ठरलेला आणि तो काही लाख डॉलरमध्ये जातो. शहर आपल्या खिशाप्रमाणे युनिटं निवडतं. वाहतुकीसाठी वेगळी गाडी हवी असेल किंवा एखाद्या भागावर खास लक्ष देणारं पथक हवं असेल, तर तेही मागता येतं, पैसे अर्थातच वेगळे.

आपल्याकडे क्रिकेट सामन्याला आयोजक पैसे भरून पोलीस बंदोबस्त घेतात ना? साधारण तसंच, पण इथे सामना संपत नाही, बंदोबस्त वर्षभर चालूच.

यात तंत्रज्ञान कुठे येतं? डेप्युटीच्या गाडीत संगणक असतो. कुठल्या कॉलवर गेलो, कधी पोहोचलो, कधी मोकळा झालो, हे सगळं त्यात नोंदलं जातं. त्यावरून कोणत्या शहराला किती मिनिटं सेवा दिली याचा हिशेब निघतो आणि करारातल्या मिनिटांशी ताडून पाहिला जातो. शेजारच्या शहरात मारामारी झाली आणि तुमच्या शहराची गाडी तिकडे धावली, तर तेही या हिशेबात दिसतं.

सगळंच तासावर मिळतं का?

नाही. खुनाचा तपास, हेलिकॉप्टर, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, ओलीसनाट्यासाठीचं सशस्त्र पथक, डोंगरात हरवलेल्यांचा शोध, या गोष्टी लहान शहराला रोज लागत नाहीत आणि एकट्याला परवडतही नाहीत. त्या काउंटीभर एकत्र चालवल्या जातात. १९७३ च्या एका राज्य कायद्यानुसार, काउंटी जो सर्वसाधारण खर्च करार नसतानाही करणारच होती, तो करार केलेल्या शहरांच्या माथी मारता येत नाही. त्यामुळे अशा शहरांना पोलीससेवा तुलनेने स्वस्त पडते. यावर स्वतःचं खातं चालवणारी शहरं कधीमधी नाक मुरडतात, ते वेगळं.

खात्याची रचना

वरून खाली पाहिलं तर शेरीफ, अंडरशेरीफ, असिस्टंट शेरीफ, मग एकेका विभागाचे चीफ आणि कमांडर, ठाण्याचा प्रमुख कॅप्टन, त्याखाली लेफ्टनंट, सार्जंट आणि शेवटी डेप्युटी. मोठे विभाग असे:

- गस्त: दोन डझनाच्या आसपास ठाणी. आर्टेशिया लेकवूड ठाण्याच्या हद्दीत येतं. समुद्रातल्या कॅटलिना बेटावरही एक ठाणं आहे.
- तपास: खून, लैंगिक अत्याचार, मोठे आर्थिक गुन्हे यांसाठी वेगळी पथकं.
- तुरुंग: हे खातं देशातल्या सगळ्यात मोठ्या स्थानिक तुरुंगव्यवस्थांपैकी एक सांभाळतं. नवा डेप्युटी सहसा आधी तुरुंगात काम करतो, गस्तीवर नंतर येतो.
- न्यायालयं: कोर्टांची सुरक्षा आणि कैद्यांची ने-आण.
- तंत्रज्ञान: रेडिओ, डेटा, वाहनं, प्रयोगशाळा.

९११ लावल्यावर काय होतं?

शेरीफच्या हद्दीतून ९११ लावला की कॉल साधारणपणे त्या भागाच्या ठाण्यात घेतला जातो. तिथला कर्मचारी पत्ता आणि घटना विचारून 'कॅड' नावाच्या प्रणालीत नोंद करतो. कॅड म्हणजे संगणकाच्या मदतीने गाड्या पाठवण्याची यंत्रणा. तातडीप्रमाणे नोंदीचा दर्जा ठरतो: जिवावर बेतलेलं, तातडीचं आणि नेहमीचं. मध्यवर्ती नियंत्रण कक्ष रेडिओवरून गाडीला कळवतो. आग किंवा वैद्यकीय मदत असेल तर कॉल अग्निशमन दलाकडे वळवला जातो.

ही यंत्रणा किती महत्त्वाची आहे ते ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री कळलं. अनेक दशकं जुनं कॅड नव्या वर्षाच्या तोंडावर बंद पडलं आणि डेप्युटींना गाडीतल्या संगणकावर लॉग-इनच करता येईना. ९११ चे फोन चालू होते, पण गाड्या पाठवण्याचं काम रेडिओवर तोंडी सांगून करावं लागलं. विचार करा, सगळी सेवा मिनिटांत मोजणाऱ्या खात्याचं घड्याळच बंद पडलं!

मग जबाबदार कोण?

मला या पूर्ण व्यवस्थेतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो. शहराला किती तास हवेत ते शहर ठरवतं. पण डेप्युटीचं प्रशिक्षण, बळ कधी वापरायचं याचे नियम, शिस्तभंगाची कारवाई, हे सगळं शेरीफ ठरवतो. आर्टेशियाचा महापौर कोणाही डेप्युटीला निलंबित करू शकत नाही. तो कॅप्टनशी बोलू शकतो, परिषदेत प्रश्न मांडू शकतो आणि शेवटी करार मोडू शकतो. शेरीफला मतदानाने बदलायचं तर पूर्ण काउंटीचं मत लागतं, आणि त्यात सोळा-सतरा हजार वस्तीच्या शहराचा आवाज कितीसा?

हा नुसता कागदावरचा प्रश्न नाही. लँकेस्टर आणि पामडेल ही करार केलेली शहरं. तिथे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रहिवाशांशी भेदभाव होतो असे निष्कर्ष केंद्रीय न्याय विभागाने काढले आणि २०१५ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली सुधारणांचा करार झाला. माजी शेरीफ ली बाका यांना तुरुंगांतल्या गैरप्रकारांच्या तपासात अडथळा आणल्याबद्दल २०१७ मध्ये दोषी ठरवलं गेलं. याच काळात देखरेखीची यंत्रणा वाढत गेली. महानिरीक्षक आणि नागरी देखरेख आयोग आले, २०२० मध्ये मतदारांनी त्या आयोगाला समन्स काढण्याचा अधिकार दिला, आणि २०२२ मध्ये गंभीर कारण असल्यास पाचपैकी चार मतांनी शेरीफला पदावरून काढण्याचा अधिकार पर्यवेक्षक मंडळाला मिळाला.

थोडक्यात, मिनिटं मोजायची व्यवस्था १९५४ नंतर लवकर बसली, पण वागणूक मोजायची व्यवस्था यायला साठ वर्षं लागली.

तुम्ही तिथे राहत असाल तर

- तुमचा पत्ता शहर पोलिसांच्या हद्दीत आहे, करार केलेल्या शहरात आहे की थेट काउंटीत, ते एकदा पाहून ठेवा.
- जवळच्या ठाण्याचा साधा नंबर फोनमध्ये सेव्ह करा. चोरी होऊन गेली असेल, कोणी जखमी नसेल, तर ९११ ऐवजी तो लावा.
- तक्रार नोंदवली की फाइल क्रमांक मागून घ्या. विम्याला आणि पुढच्या चौकशीला तोच लागतो.
- गस्त कमी वाटते? नगर परिषदेच्या बैठकीत बोला, कारण तास तेच विकत घेतात.
- डेप्युटीच्या वागण्याबद्दल तक्रार आहे? ठाण्यातल्या वॉच कमांडरकडे द्या. तिथे द्यायची नसेल तर महानिरीक्षकांच्या कार्यालयाकडे जाता येतं.

परत निघताना ताईने मला विचारलं, "एवढं सगळं शोधून काढलंस, मग आमच्या घराला कोण लागू होतं?" तिचं घर सेरिटोसमध्ये आहे. तेही करार केलेलं शहर, फक्त त्याचं ठाणं वेगळं. ठाण्याचा नंबर आता तिच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. तुमच्याही असू द्या.