कोंबडीच्या खाद्यात हळद-लसूण कशी आली?

ब्रॉयलरच्या खाद्यात आता हळद, लसूण, ओवा मिसळतात. ही वेळ का आली, ते आज पाहू.

१९५० साली अमेरिकेत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड या शास्त्रज्ञांनी सांगितलं, की खाद्यात ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक थोडंसं घातलं की पिल्लं लवकर वाढतात. मग धडधाकट पक्ष्यांनाही रोज औषध सुरू झालं. पण थोड्या औषधाने सगळे जंतू मरत नाहीत. उरतात ते औषधाला दाद देत नाहीत. असे जंतू माणसांत आले, तर आपल्या लेकरांनाही ते औषध लागू पडत नाही.

म्हणून वाढीसाठी अँटिबायोटिक देणं स्वीडनने १९८६ साली बंद केलं, युरोपीय संघाने २००६ साली. भारताने २०१९ साली कोंबड्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. दवाखान्यात बाकी औषधं हरली, की हेच शेवटचं उरतं. तसे खाद्य बनवणारे वनस्पतींकडे वळले.

पण हळद म्हणजे लस नव्हे. राणीखेतची लस, कोरडं तूस, स्वच्छ पाणी आधी. पक्षी आजारी पडले तर पशुवैद्यकांना विचारू. आणि गटासाठी खाद्य घेताना पोत्यावरचं लेबल वाचूनच घेऊ.