वारेची जागा

बाळंतपणाचा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, असे कोणी विचारील. ज्या यंत्राने या विषयातला अंधार घालवला, ते आधी कारखान्यात कामाला होते. आणि ज्या बायांना त्याची गरज आहे, त्यांतल्या कितीतरी ऊसतोडीच्या टोळ्यांत आहेत. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

वार बहुधा गर्भाशयाच्या वरच्या भागात चिकटते. कधी ती खाली, थेट मुखाशी बसते. दिवस भरत येतात तसा तो खालचा भाग ताणला जातो, वार सुटू लागते आणि अंगावरून लालभडक रक्त जाते. बहुधा कळ येत नाही. दुखत नाही म्हणून घरची माणसे निर्धास्त राहतात, आणि घात तेथेच होतो.

पूर्वी समजूत अशी होती की, वार वरून निसटून खाली पडते. १६८५ साली पॅरिसच्या पॉल पोर्तालने ती मुळातच मुखाशी चिकटलेली असते असे लिहिले. १७७५ मध्ये इंग्लंडातल्या एडवर्ड रिग्बीने भेद मांडला: वार योग्य जागी असून सुटली तर रक्तस्राव अपघाती, मुखाशी असेल तर अटळ. पण हे ओळखायचे कसे? बोटाने चाचपून, आणि चाचपणाऱ्या बोटानेच वार सुटून रक्ताची धार लागे! पुढे डॉक्टर शस्त्रक्रियेची सारी तयारी ठेवूनच ही तपासणी करू लागले.

ग्लासगो हे जहाजे बांधणाऱ्यांचे शहर. पोलादातली भेग शोधायला तिकडे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचे यंत्र वापरीत. १९५५ साली तेथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घातल्या, जवळच्या रेनफ्रू गावी बॉयलरच्या कारखान्यात नेल्या आणि त्या यंत्राने तपासल्या. १९५८ मध्ये डॉक्टर मॅकव्हिकर व अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह त्यांचा निबंध ‘लान्सेट’मध्ये आला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत याच लहरींनी वारेची जागा दिसू लागली. तीच आजची सोनोग्राफी.

पाचव्या महिन्यात वार खाली दिसली तरी लगेच घाबरू नये. गर्भाशय वाढते तशी बहुतेकींची वार मुखापासून दूर जाते. ती दोन सेंटिमीटरच्या आतच राहिली काय, हे आठव्या महिन्यात पुन्हा पाहावे लागते. आधी सिझेरियन झाले असेल तर अधिकच जपावे. वार जुन्या व्रणात रुतू शकते.

आता आपल्या परभणी जिल्ह्याकडे पाहू. गंगाखेड, पाथरीकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात. पहिली तपासणी गावी झाली, तर दुसरीच्या वेळी बाई फडात असते. उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता. एक खाडा झाला की मजुरी बुडते. कागद गावच्या पेटीत आणि बाई परमुलखात! सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी, रक्त, शस्त्रक्रिया व वाहन मोफत देण्याची योजना २०११ पासून आहे; पण दुसऱ्या तपासणीचा दिवस तिला कोण देणार?

तो दिवस भरपगारी मिळावा, ही मागणी मुकादमापुढे आणि कारखान्यापुढे ठेवणे आम्ही आमचे काम समजतो. घरच्यांचे काम एवढेच: टोळी निघताना कोयत्याबरोबर तपासणीचा कागद बांधावा; आणि रक्त दिसले की, दुखो वा न दुखो, तडक दवाखाना गाठावा. सोनोग्राफीआधी आतून बोटाने कोणाला तपासू देऊ नये.